काळी रेघ विटकरी का झाली: जोर्वे नक्षीच्या ४८ पेंडंटचं प्रकरण

पुण्याजवळच्या एका छोट्या कार्यशाळेला दिवाळीसाठी काम मिळालं: सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या जोर्वे भांड्यांच्या नक्षीवरून मातीची ४८ पेंडंट आणि कानातल्यांचे ३० जोड. हाताशी दोन जणी, एक चाक आणि एक विजेची भट्टी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात माती मळली, ऑक्टोबरच्या सुरुवातीला माल द्यायचा होता. पहिल्या भाजणीतून ५२ पेंडंट बाहेर आली आणि त्यातलं एकही देण्याजोगं नव्हतं. दुसऱ्या खेपेला ६० केली, त्यातली ५३ चांगली निघाली. या दोन भाजण्यांच्या मधल्या पाच आठवड्यांत काय बदललं आणि ते का बदलावं लागलं, त्याची ही नोंद. आकडे कामाच्या वहीतले आहेत. माती बदलली की ते थोडे इकडेतिकडे होतील, कारणं मात्र तीच राहतील.

मूळ भांडं

जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवराकाठचं गाव. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन केलं आणि तिथे मिळालेल्या भांड्यांना गावाचंच नाव पडलं. पुढे तीच भांडी नेवासे, दायमाबाद, प्रकाशे, चांडोली, इनामगाव अशी ठिकठिकाणी निघाली. कोकणपट्टी आणि विदर्भाचा काही भाग सोडला तर जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रात ती आढळतात. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथल्या थरांवरून काळाची मांडणी अशी लागते: माळवा काळ साधारण इ.स.पू. १६०० ते १४००, पूर्व जोर्वे १४०० ते १०००, उत्तर जोर्वे १००० ते ७००.

दागिना करणाऱ्याला या तारखा पाठ करायच्या नाहीत, पण त्यांच्यामुळे हातातली वस्तू बदलते. पूर्व जोर्वे भांडी बारीक, नीट गाळलेल्या मातीची, चाकावर घडवलेली आणि चांगली भाजलेली. अंग लाल किंवा नारिंगीकडे झुकणारं, चकाकी नसलेलं. त्यावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी. काठाखाली आडव्या रेघा, तिरप्या समांतर रेघांचे झुबके, जाळी, आत रेघा भरलेले त्रिकोण आणि चौकट. टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज येतो. उत्तर जोर्वे भांडी भरड होत जातात आणि त्यांच्यावरची नक्षी कमी होते. माळवा भांड्यांचं अंग पिवळट-नारिंगी, रंग गडद तपकिरी आणि नक्षीत प्राणीही दिसतात. त्यामुळे माळवा भांड्यावरचं हरीण उचलून लाल चकतीवर बसवायचं आणि खाली ‘जोर्वे’ लिहायचं, हे चूक आहे. ऑर्डर देणाऱ्याच्या पहिल्या कागदावर असं एक हरीण होतंच. ते काढून टाकलं.

घाट दोन ठळक. एक तोटीचं भांडं, पसरट तोंडाचं. दुसरा वाडगा: काठापासून भिंत जवळजवळ उभी खाली येते, मध्यावर एक ठसठशीत मोड येतो आणि तिथून ती आत वळून बुडाकडे जाते. नक्षी असते ती बहुधा या मोडाच्या वरच्या पट्ट्यात. पुढचं सगळं प्रकरण या मोडाभोवती फिरतं.

पहिली खेप

पहिली पद्धत सोपी होती. पोळपाटावर माती लाटायची, ४० मिमीच्या गोल साच्याने चकत्या कापायच्या, पाच मिमी जाड ठेवायच्या, वरून लाल लेप द्यायचा, वाळल्यावर काळ्या रेघा काढायच्या आणि भाजायचं. अशा चकत्या बाजारात पुष्कळ दिसतात, त्यामुळे यात काही बिघडेल असं वाटत नव्हतं.

सगळ्यात आधी भट्टीचं झाकण उघडताच जे दिसलं ते: काळ्या रेघा काळ्या राहिल्याच नव्हत्या. ५२ च्या ५२ पेंडंटवर लाल अंगावर विटकरी-तपकिरी रेघा होत्या, काही ठिकाणी तर दिव्याखाली तिरपं धरल्याशिवाय दिसतही नव्हत्या.

त्यानंतरचे दोष एकेक करून कळले. १४ चकत्या वाकल्या होत्या, टेबलावर ठेवल्या की डुगडुगत होत्या. ४० मिमीचं गृहीत धरून चांदीच्या पट्ट्या आधीच करून घेतल्या होत्या आणि चकत्या भरल्या जेमतेम ३६ मिमीच्या. फुटलेल्या एका चकतीच्या कडेत मधोमध करडा पट्टा दिसत होता. आणि आठवड्याने, कपाटात नुसत्या ठेवलेल्या नऊ चकत्यांच्या पृष्ठभागावरून मसुराएवढे टवके उडालेले सापडले. प्रत्येक खळग्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका.

कानातल्यांची गोष्ट वेगळी. ती वाकली नाहीत, उडाली नाहीत, पण घालवत नव्हती. ३५ मिमी व्यासाची आणि पाच मिमी जाडीची भाजलेली चकती साधारण नऊ ग्रॅम भरते. हूक धरून एका कानाला दहा ग्रॅम. तासाभरात कानाची पाळी दुखायला लागते आणि भोक खाली ओढलं जातं.

काळा रंग

डब्यात काळी दिसणारी पूड भट्टीतून काळी निघेलच असं नाही. पहिल्या खेपेत वापरला होता काळा आयर्न ऑक्साइड. विजेच्या भट्टीत हवा खेळती असते, म्हणजे प्राणवायू भरपूर. त्या हवेत तापवला की काळा आयर्न ऑक्साइड आणखी प्राणवायू घेऊन लाल आयर्न ऑक्साइड होतो. तोच गेरूचा रंग, तोच विटेचा रंग. म्हणजे लाल अंगावर लाल रेघ काढल्यासारखं झालं. रंग पातळ पडला, घोटला गेला नाही, तापमान कमी पडलं, अशा शंका तेव्हा घेतल्या गेल्या होत्या. त्यातली एकही खरी नव्हती. रसायनच चुकलं होतं आणि ते कितीही नीट लावलं असतं तरी तसंच झालं असतं.

लोखंडाचा काळा टिकवण्याची जुनी वाट आहे: भट्टीतली हवा मध्येच कोंडायची, म्हणजे धुरात लोखंड काळं पडतं, आणि शेवटी पुन्हा हवा द्यायची. ग्रीक काळ्या-लाल भांड्यांवरचा काळा असा एकाच भाजणीत हवा देऊन, कोंडून, परत देऊन येत असे. तिथे रंगाचा लेप इतका बारीक असे की तो काचेसारखा मिटून जाई आणि शेवटच्या हवेत पुन्हा लाल होत नसे. उघडं, सच्छिद्र अंग मात्र लाल व्हायचं. हे लाकडाच्या किंवा गॅसच्या भट्टीत जमतं. विजेच्या भट्टीत धूर कोंडला तर तापतारांवरचं संरक्षक आवरण खराब होतं आणि तारा लवकर तुटतात. तीस हजारांच्या ऑर्डरसाठी भट्टी पणाला लावण्यात अर्थ नव्हता.

उरतो मँगनीज. मँगनीजचा गडदपणा हवेशीर भट्टीतही टिकतो. नऊ चाचणी-चकत्या केल्या आणि ९६० अंशांना भाजल्या. नुसता मँगनीज डायऑक्साइड गडद तपकिरी आला आणि बोटाला लागला. तयार मिळणारा काळा सिरॅमिक स्टेन पक्का काळा आला, पण त्यात निळसर थंड झाक होती. लाल मातीवर तो छापील अक्षरांसारखा दिसत होता. लोखंड आणि मँगनीज समसमान घेतलेली चकती जोर्वे खापराच्या शेजारी ठेवण्यासारखी होती: काळा, पण ऊब असलेला.

शेवटी ठरलेलं प्रमाण, सुक्या वजनावर १०० ग्रॅमसाठी: मँगनीज डायऑक्साइड ३० ग्रॅम, लाल आयर्न ऑक्साइड ३० ग्रॅम, अंगाचीच माती २०० नंबरच्या चाळणीतून गाळून ३० ग्रॅम, शिसेविरहित फ्रिट (दळलेली काच) १० ग्रॅम. माती घालायची ती रंग आणि अंग एकाच मापाने आकसावं म्हणून. फ्रिट घालायचं ते पूड अंगाला चिकटावी म्हणून. फ्रिट २० ग्रॅमवर नेलं तेव्हा रेघ चकाकायला लागली, आणि चकाकी आली की जोर्वे संपलं. यात बाभळीचा डिंक चमचाभर पाण्यात भिजवून घालायचा, नाहीतर वाळलेल्या रेघेवरून बोट फिरलं तरी ती पसरते. दाटपणा ताकाइतका. पातळ झाला तर भाजल्यावर तपकिरी दिसतो, घट्ट झाला तर रेघ उचलली जाऊन खपली धरते.

मँगनीज डायऑक्साइडबद्दल एक गोष्ट अजिबात सैल सोडू नये. त्याची धूळ श्वासातून वारंवार गेली तर मज्जासंस्थेला कायमची इजा होते. सुकी पूड तोलताना एन९५ मास्क, टेबल ओल्या फडक्याने पुसायचं, झाडू मारायचा नाही, भट्टी खोलीबाहेर किंवा बाहेर वारा फेकणाऱ्या पंख्याजवळ. घरात, स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करू नये. आणि वस्तू तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलांसाठी असे दागिने करू नयेत, विकूही नयेत.

टवके का उडाले

दख्खनच्या मातीत चुनखडीचे खडे असतातच. नदीकाठच्या गाळात, शेताच्या बांधात, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडाखालच्या मातीतही. ओल्या मातीत ते दिसत नाहीत, हाताला लागलेच तर वाळूसारखे वाटतात. भट्टीत साधारण ८५० अंशांच्या पुढे त्यांची कळी होते, म्हणजे कळीचा चुना. भट्टीतून काढलेल्या वस्तूत हा चुना सुका, कोरडा बसलेला असतो. मग तो हवेतला ओलावा ओढत राहतो, फुगतो आणि वरची माती ढकलून टवका उडवतो. कधी दोन दिवसांत, कधी महिन्याने. पावसाळ्यात लवकर. भाजताना काही चुकलं असं वाटून लोक तापमान बदलत बसतात, पण दोष मातीच्या चाळणीत असतो.

पहिल्या खेपेची माती सुकी कुटून पिठाच्या चाळणीने चाळली होती. दुसऱ्या वेळी ती पाण्यात पूर्ण विरघळवून ८० नंबरच्या चाळणीतून गाळली. ८० नंबरची भोकं सुमारे ०.१८ मिमीची असतात. त्यातून गेलेला चुन्याचा कण फुगला तरी टवका उडवण्याइतका जोर त्यात नसतो. माती गाळण्याआधी तिच्यात चुनखडी किती आहे हे पाहायला एक सोपी परीक्षा आहे: सुक्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाकायचे. फसफसलं तर चुना आहे. या मातीवर थेंब टाकताच कानाजवळ नेलेलं ढेकूळ चरचरताना ऐकू येत होतं.

दुसरी खबरदारी भाजणीनंतरची. वस्तू हातात धरवेल इतक्या निवल्या की लगेच पाण्यात पूर्ण बुडवायच्या आणि तासभर ठेवायच्या. एवढं भरपूर पाणी एकदम मिळालं की चुना कोरडा फुगण्याऐवजी पातळ होऊन मातीच्या छिद्रांत पसरतो. अर्धवट ओलं करणं मात्र न करण्यापेक्षा वाईट. दुसऱ्या खेपेतल्या ६० पैकी एकाचाही टवका उडाला नाही. एक चातुर्मास उलटून गेल्यावर हे लिहिलं आहे.

आकसण्याचं गणितही या टप्प्यावर नीट केलं. ओल्या मातीच्या पट्टीवर बरोबर १०० मिमीची खूण करायची, वाळवायची, भाजायची, पुन्हा मोजायची. ९१ मिमी भरली, म्हणजे ९ टक्के घट. मग हव्या त्या मापाला ०.९१ ने भागायचं: भाजल्यावर ४० मिमी हवं तर ओलं माप ४४. काळ्या मातीचा अंश जास्त असेल तर घट यापेक्षाही जास्त येते. पट्टी करायला दहा मिनिटं लागतात. ती न केल्यामुळे चांदीच्या पट्ट्यांचं काम वाया गेलं.

चकती सोडून वाडग्याकडे

इथवर रंग सुटला होता, माती सुटली होती. चाचणी म्हणून नव्या मातीच्या आणि नव्या काळ्या रंगाच्या सहा चकत्या भाजल्या. त्या निर्दोष निघाल्या आणि तरीही त्या जोर्वे वाटत नव्हत्या. नक्षी बरोबर होती, रंग बरोबर होता. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयातल्या खापरांसमोर उभं राहिलं की कारण समजतं. खापर सपाट नसतं. ते वाकलेलं असतं, त्याच्या अंगावर मोड असतो, मोडाखाली सावली पडते, आणि आतल्या बाजूला कुंभाराच्या बोटांनी उमटलेल्या बारीक आडव्या रेघा असतात. कडेत भिंतीची जाडी दिसते: काठाकडे बारीक, मोडाशी किंचित जाड. वरच्या तिरप्या रेघा त्या वळणावर बसवलेल्या असतात. तीच नक्षी सपाट चकतीवर आणली की तिच्या अंगाखालची जमीनच निघून जाते.

म्हणून दुसऱ्या खेपेत चकत्या कापल्याच नाहीत. चाकावर वाडगे केले आणि ते कापून पेंडंट काढली.

४५० ग्रॅम माती, चाकावर बूड नसलेलं कडं. मोडाशी बाहेरचा व्यास १३० मिमी, भिंतीची उंची ४६ मिमी, जाडी ४ मिमी. भिंत सरळ उचलायची, मग वरून १९ मिमी खाली मोड आणायचा: बाहेरून लाकडी पट्टीची धार टेकवायची आणि आतून बोटाने हलकेच दाबत चाक सावकाश फिरवायचं. मोड गोलसर राहिला तर वाळल्यावर आणखी बोथट होतो, म्हणून ओल्यातच तो थोडा जास्त धारदार ठेवायचा. आतल्या बोटांच्या रेघा स्पंजने पुसायच्या नाहीत. पेंडंटची मागची बाजू अंगाला लागते, पण ज्याने कधी खापर हातात घेतलं आहे त्याचा अंगठा आपोआप तिथेच जातो.

कडं चामट झालं, म्हणजे नखाने खाच पडते पण वाकवलं तर वाकत नाही असं झालं, की लेप. लेप त्याच मातीचा, २०० नंबरच्या चाळणीतून गाळलेला, त्यात सुक्या वजनाच्या दहा टक्के गेरू. पहिल्या खेपेला लेप दुसऱ्याच मातीचा होता आणि कडेशी सुटत होता. अंगाची आणि लेपाची माती एक ठेवली की तो प्रश्न उरत नाही. रुंद मऊ कुंचल्याने दोन पातळ हात. गोट्याने घोटून चमक आणायचा मोह होतो, कारण घोटलेली माती हाताला छान लागते. इथे नाही घोटायची. मऊ सुती फडक्याने एकदा फिरवलं की पुरे. अंग दाबलं जातं आणि झळाळी येत नाही.

रेघा कापण्याआधी काढायच्या. हा निर्णय सगळ्यात कामाचा ठरला. कडं फिरत्या पाटावर मधोमध ठेवलं, लांब केसांचा शून्य नंबरचा कुंचला रंगात बुडवून हात टेबलावर टेकवला आणि पाट फिरवला. कुंचला जागच्या जागी, भांडं फिरतं. काठाखालच्या दोन आणि मोडावरची एक अशा आडव्या रेघा एका दमात येतात आणि जिथे सुरुवात आणि शेवट भेटतो तिथे केसभर सांधा राहतो. चकतीवर पट्टी धरून काढलेल्या रेघेत ती लय येत नाही. मग त्या दोन आडव्या पट्ट्यांमध्ये तिरप्या रेघांचे झुबके, पाच-सहा रेघांचा एक, मध्ये बोटभर जागा सोडून जाळी भरलेला चौकट. मूळ भांड्यावर रेघ दोन-तीन मिमी जाड असेल तर इथे ०.७ मिमीच्या आसपास ठेवली. त्याखाली गेलं की भाजल्यावर तुटक दिसते. तिरपी रेघ वरून खाली एकाच झटक्यात सोडायची, दुरुस्त करायची नाही. सुरुवातीला थोडी जाड आणि शेवटाला निमुळती, अशीच ती मुळातही दिसते.

रंग सुकून बोटाला लागेनासा झाला की कडं कापायचं. मोडाशी घेर सुमारे ४०८ मिमी. ३६ मिमीचे दहा तुकडे आणि प्रत्येक कापाला चार मिमी सोडायचे. भाजल्यावर तुकडा ३३ मिमी रुंद आणि ४२ मिमी उंच, जाडी साडेतीन मिमी आणि वजन नऊ ग्रॅमच्या आत-बाहेर. पातं पातळ आणि ओलं, बाहेरून आत एकाच दाबात. करवतीसारखं पुढेमागे केलं तर काळा रंग कडेवर ओढला जातो. कुठे चौकट मधोमध चिरला जातो, कुठे तिरप्या रेघांचा झुबका अर्धाच राहतो. ते तसंच ठेवलं. खापरावर नक्षी अशीच तुटलेली मिळते.

भोक या टप्प्यावरच. २.८ मिमीचं ड्रिलचं पातं हातात धरून फिरवत न्यायचं. दाबून घुसवलं तर मागून टवका निघतो. भाजल्यावर अडीच मिमीचं भोक उरतं. काठापासून चार मिमीपेक्षा जवळ गेलं तर तिथूनच फुटतं.

मग आलं वाळवणं, आणि श्रावण. चाकावर केलेल्या कड्यातून कापलेल्या तुकड्याला कड्याची आठवण असते. मोकळा सोडला तर काही तुकडे सरळ व्हायला बघतात, काही आणखी आत वळतात, आणि एक बाजू आधी वाळली तर पिळा पडतो. पहिल्या खेपेच्या चकत्यांचंही तेच झालं होतं: एकाच दिशेने लाटलेल्या, खालची बाजू प्लॅस्टिकवर ओली, वरची पंख्याखाली कोरडी. या वेळी १३० मिमी व्यासाच्या पालथ्या वाडग्यावर जुनं सुती कापड घालून त्यावर तुकडे ठेवले, वरून दुसरं कापड, आणि चार-पाच दिवस पंखा नाही, ऊन नाही. दमट हवेत हे काम मंद होतं पण बिघडत नाही. बिघडतं ते घाई केल्याने. तरीही तीन तुकड्यांना मोडाशी बारीक चीर पडली. तीनही एकाच कड्यातले, आणि त्या कड्याला मोड आणताना आतून जास्त दाब पडून भिंत तिथे पातळ झाली होती.

कानातली याच कड्यांसारख्या, पण मोड नसलेल्या वेगळ्या कड्यांमधून कापली: भाजल्यावर १२ बाय ३८ मिमीच्या उभ्या पट्ट्या, तीन मिमी जाड. वजन अडीच ग्रॅम. नऊ ग्रॅमवरून अडीचवर. हूक चांदीचे ९२.५, कारण पितळी हुकांवरच्या निकेलच्या मुलाम्याने बऱ्याच जणींच्या कानाला खाज येते.

भाजणी

पूर्ण वाळलेली वस्तूही आत ओल धरून असते, म्हणून आधी ९० अंशांवर दोन तास, झाकण बोटभर उघडं. तिथून ६०० पर्यंत तासाला ८० अंश. ५७३ अंशांच्या आसपास मातीतली गारगोटी एकदम फुगते आणि चढताना-उतरताना दोन्ही वेळी तिथे घाई नको. ७०० ते ९०० मध्ये पुन्हा सावकाश, कारण मातीतला जैव कचरा तेव्हा जळून बाहेर पडतो. पहिल्या खेपेतला करडा गाभा तिथेच राहिला होता: पाच मिमी जाडी आणि तासाला २०० चा वेग. शेवटी ९६० वर वीस मिनिटं, आणि १०० च्या खाली आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. तुकडे आतली बाजू खाली ठेवून, वाळूच्या पातळ थरावर.

मग एकेक उचलून भोकात दोरा घालून लटकवायचं आणि नखाने टिचकी. खणखणीत वाजलं तर चांगलं. बद्द वाजलं तर आत कुठेतरी चीर आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. ६० पैकी वाळताना गेलेली तीन, भोकाशी फुटलेली दोन आणि रंग फरफटलेली दोन अशी सात बाजूला निघाली.

कडी बसवताना एक छोटा घोळ झाला. सहा मिमीची कडी काठाच्या जाडीवर घट्ट बसली, हलेना, आणि पेंडंट छातीवर सरळ न टेकता पुढे कललं. आठ मिमीची, एक मिमी तारेची कडी घातल्यावर ते मोकळं पडलं. वळण असलेल्या वस्तूला सपाट चकतीपेक्षा मोठी कडी लागते.

काचेचा थर नसलेली माती घाम आणि तेल पिते. एक सुकं पेंडंट तोललं, दोन तास पाण्यात उकळलं, पुसून पुन्हा तोललं: ९.०० ग्रॅमचं १०.१५ झालं, म्हणजे जवळजवळ १३ टक्के पाणी आत. लाखेचं चकचकीत पॉलिश हा यावरचा नेहमीचा उपाय आणि तो इथे सगळं काम मातीत घालणारा. मागच्या बाजूला आणि कडांना मधमाशीचं मेण: तुकडा ७० अंशांपर्यंत गरम करायचा, मेण फडक्याने लावायचं, जादा पुसून टाकायचं. पुढची बाजू कोरीच ठेवायची. काळाने ती थोडी गडद होईल. सोबतच्या चिठ्ठीत तेल आणि अत्तर लावून झाल्यावर घालायला सांगितलं आहे.

काय घेतलं नाही

इनामगावला घरांच्या जमिनीखाली मुलांची दफनं मिळाली आहेत, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. घाट म्हणून ते कुंभ सुंदर आहेत. ते दागिन्यासाठी सुचवले गेले होते आणि नाकारले गेले. ज्या भांड्यात कुणी आपलं मूल ठेवलं त्याची प्रतिकृती गळ्यात घालायला द्यायची असेल तर निदान घेणाऱ्याला ते माहीत हवं, आणि दिवाळीच्या भेटीत ते सांगण्याची जागा नव्हती.

खरी खापरंही नाहीत. पांढरीच्या टेकाडांवर नांगरणीनंतर रंगीत खापरं वर येतात आणि ती चांदीत मढवून विकण्याची कल्पना कुणालातरी दरवर्षी सुचते. शंभर वर्षांपेक्षा जुन्या अशा वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. कायदा बाजूला ठेवला तरी जागेवरून उचललेल्या खापराचा थर हरवतो, आणि थर हरवलेलं खापर हे नुसतं लाल ठिकरं उरतं. खापर तिथेच राहू द्यावं, फोटो काढावा, जागा पुरातत्त्व विभागाला कळवावी.

आपली वस्तू उद्या कुणी जुनी म्हणून विकू नये यासाठी प्रत्येक पेंडंटच्या मागे, ओल्या मातीतच, वर्ष आणि क्रमांक कोरला. क्रमांक दोन आकड्यांचा: कितवा वाडगा आणि त्यातला कितवा तुकडा. ‘३/७’ म्हणजे तिसऱ्या वाडग्यातला सातवा. त्याच्या डाव्या कडेची अर्धी जाळी ‘३/६’ च्या उजव्या कडेवर पूर्ण होते. तिसऱ्या वाडग्याचे दहाही तुकडे शाबूत निघाले होते आणि ते दहाही एकाच कचेरीतल्या दहा जणींकडे गेले.